आधी थोडं वाढेल

गंजगोलाईच्या कापड लाइनीत एका बंद दुकानाच्या पायरीवर ती म्हातारी बसली होती. माझी स्कूटर टेंपोच्या मागं अडकलेली, टेंपोत सिमेंटची पोती, त्याच्याही पुढं कुणीतरी हातगाडी आडवी घातलेली. लातुरात असं अडकलं की माणसानं हॉर्न वाजवायचा आणि इकडंतिकडं बघत बसायचं, दुसरं काय करणार. तर मी बघितलं. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. पाय घोट्यापासून फुगलेले, चपलेचा पट्टा जिथं येतो तिथं कातडीत खाच पडलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून ती श्वास ओढत होती आणि प्रत्येक श्वासाला गळ्याची खळी आत जात होती. ओठांवर निळसर झाक. मी मनाशी म्हटलं, हृदय. आणि म्हटलं, काय माणसं असतील हिच्या घरची, असल्या अवस्थेत बाजारात मोकळं सोडतात! हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात घालायला पाहिजे. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, मान वर केली, आणि ती अव्वा होती.

अव्वा म्हणजे माझी आई, नागम्मा. सकाळी घरातून निघताना मी तिला देवघरापुढं बसलेली बघून निघालो होतो. तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले, आणि बाजूला पितळी झाकणाखाली तिचं औषध, जे मी माझ्या हातानं अर्ध्या कप पाण्यात थेंब सोडून ठेवलेलं. अर्जुनाच्या सालीचं औषध. आमच्या होमिओपॅथीत त्याला मदर टिंक्चर म्हणतात, सालीचा मूळ अर्क, तांबूस, जिभेला तुरट. धडधडतंय म्हणाली तेव्हापासून देतोय, त्याला वर्ष होऊन गेलं असेल. आणि आता स्कूटरवर बसल्या बसल्या मला एकच गोष्ट टोचायला लागली. परकी बाई समजलो होतो तेव्हा मला अर्जुन आठवला नाही. थेंब आठवले नाहीत, माझा स्वतःचा दवाखाना आठवला नाही. उभा जन्म ज्या औषधावर काढला ते औषध मनाच्या आसपास फिरकलंसुद्धा नाही, सरळ मोठा दवाखाना आठवला. असं का व्हावं? बाई परकी होती तोवर मला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि आई झाल्याबरोबर मी स्वतःला म्हणायला लागलो होतो की ऊन आहे, चालून आली असेल, दम लागणारच. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, सरका की! झोपलात काय?" टेंपो कधीच गेला होता.

स्कूटर तिथंच कडेला लावून मी तिच्याजवळ गेलो. मला बघून ती हसली, आणि हसतानाच तिला खोकला आला.

"मल्लू, तू हिकडं कुटं रे?"

"मी कुठं ते राहू दे. तू का आलीस एवढ्या लांब?"

"विभूती संपली व्हती. रिक्षानं आले, काय चालत न्हाई आले. बस जरा, दम खाऊ दे मला." मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, आणि आवाज खाली आणून, एखादी चांगली बातमी सांगावी तशी म्हणाली, "वाढलंय बघ."

"काय वाढलंय?"

"तकलीफ रे. आधी जिना चढले तरच दम लागायचा. आता बसल्या जागी लागून राहिलाय. पाय तर असे झालेत." तिनं लुगडं वीतभर वर करून पाय दाखवले, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. "तुला सांगणारच न्हवते. पुरतं उतरलं की मंग सांगावं म्हटलं. लागू पडलंय तुझं औषध."

ती जे बोलत होती ते माझंच वाक्य होतं. आधी थोडं वाढेल, मग उतरेल. घाबरायचं नाही, वाढलं म्हणजे औषध लागू पडलं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत आलोय. इसब असो, दमा असो, मूळव्याध असो, पुडी हातात देताना हे वाक्य त्याच्याबरोबर जातंच. मी काही मनानं बनवलेलं नाही ते, नांदेडला शिकायला होतो तिथं आम्हाला हे शिकवलंय. आतला आजार बाहेर येताना जोर करतो, आणि तो जोर हीच खूण. अंगावर पुरळ वाढलेला माणूस हे ऐकून जातो, महिन्याभरानं हसत येतो, मी पाहिलेलं आहे. पण अव्वानं हे वाक्य माझ्या समोरच्या खुर्चीत बसून कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दवाखाना, मध्ये एक पडदा, आणि पडद्यापलीकडं अव्वा, पुड्यांचे कागद चौकोनी फाडत, साखरेच्या गोळ्या बाटल्यांत भरत. दवाखाना सुरू झाला तेव्हापासून ती तिथं बसलेली आहे. रोग्याला मी एकदा सांगत होतो, तिनं ते रोज ऐकलेलं.

स्कूटर तिथंच सोडून मी रिक्षा केली. रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून बसली. बाहेर क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो, पोरांच्या डोक्यावर मार्क, आणि प्रत्येक खड्ड्याला अव्वाच्या घशातून एक बारीक आवाज. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याच्यावर खेकसलो, "पुढं बघून चालव." खरं तर मला स्वतःचाच राग आलेला होता. तिचं वजन खांद्यावर जाणवत होतं, आणि मी लक्ष देऊन तिचे श्वास ऐकत होतो, आणि ऐकू नयेत असंही वाटत होतं. ही कितीतरी दिवस हे घेऊन घरात वावरतेय. स्वयंपाकघरात जाऊन मध्येच उभी राहायची, ओट्याला धरून. मी म्हणायचो, काय गं? ती म्हणायची, काय आणायला आले तेच विसरले. आणि मी हसायचो.

तिची ह्या औषधावर एवढी श्रद्धा कशी, ह्याला कारण आहे. तिचं माहेर निलंग्याकडं, मांजरेच्या काठाला. नदीच्या उतारावर सादड्याची झाडं, अर्जुनाला तिकडं सादडाच म्हणतात. पांढुरकी, गुळगुळीत खोडं, जुनी साल पापुद्र्यांनी सुटून खाली पडलेली आणि आतली नवी साल गुलाबीसर. बायका धुणं धुवायच्या आणि त्याच्या फांद्यांवर लुगडी वाळत टाकायच्या. कुणाचं हाड मोडलं की तिचा आजा साल कुटून त्याचा लेप बांधायचा. त्यामुळं मी पहिल्यांदा बाटली घरात आणली, तिला दाखवून म्हटलं की अव्वा, ही अर्जुनाची साल आहे, हृदयाला देतात, तेव्हा तिनं बाटली उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "म्हंजे आमचा सादडा! जर्मनीचं औषध म्हणून सांगतोस आन् सादडा घालून देतोस व्हय रे चोरा?" मग बूच काढून वास घेतला मात्र, आणि बाटली माझ्या अंगावरच भिरकवायची बाकी ठेवली. अर्क दारूत उतरवलेला असतो, वास येणारच. लिंगायताच्या घरात, पूजेच्या खोलीत दारू! दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढं स्वतःवर घ्यायची वेळ आली तेव्हा तिनंच तोड काढली. थेंब गरम पाण्यात घालायचे, झाकण तिरपं ठेवायचं, पूजा होईस्तोवर वास उडून जातो, मग उरते ती माहेरची साल. मी म्हटलं, अव्वा, असं केलं तर औषधाचा गुण उडतो. ती म्हणाली, दारूचा उडतो, सादड्याचा कसा उडंल?

आणि अप्पा होते. माझे वडील माणिकप्पा, इथंच लातुरात त्यांचं किराणा दुकान होतं. पोत्याला हात लावला की धाप लागायची. मी नवानवा शिकून आलेलो, पाटी लावलेली, पेशंट म्हणून कुत्रं फिरकत नव्हतं. पहिलं औषध मी त्यांना दिलं. तेव्हा मी लबाड नव्हतो, आजही नाही, हे मला लिहूनच ठेवावंसं वाटतं. मला ह्या शास्त्रावर मनापासून विश्वास होता. नांदेडला आम्हाला शिकवायला रेवणप्पा सर होते, ते एकदा सगळ्या वर्गाला माहूरच्या बाजूला घेऊन गेले होते, ओढ्याकाठी अर्जुन दाखवायला. त्यांनी सुटलेली साल हातानं अलगद उचलली, चाकू लावू दिला नाही कुणाला. खाली ओंजळीएवढा पाण्याचा डोह, वर भर दुपारी सावली, आणि सर सांगतायत की ह्या झाडाचं मन मोठं आहे, ते आपली साल आपण होऊन देतं. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा मी, मला ते इतकं खरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं होतं. अप्पांना मी तेच दिलं आणि अप्पा सुधारले. पुन्हा दुकानात बसायला लागले, गिऱ्हाइकांना सांगायला लागले की माझ्या पोरानं मला उठवलं. तिथून माझं नाव झालं. आता रिक्षात बसल्यावर मला आठवलं, अप्पांना सरकारी दवाखान्यातून एक पांढरी गोळीही चालू होती. ती गोळी कुणी जमेलाच धरली नव्हती. पुढं ती कधी बंद झाली हे आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. अप्पा बऱ्याच वर्षांनी गेले, वय झालं होतं, असं आम्ही सगळे म्हणतो.

घरी पोचलो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तिघं-चौघं बसलेले. बायको, शिल्पा, दारातच उभी होती. अव्वाला बघून ती पुढं आली, तिचा हात धरून आत नेऊन भिंतीशी तक्क्याला टेकवून बसवलं आणि परत येऊन माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं का? आत्याबाई रात्री आडव्या होत नाहीत. बसूनच झोपतात."

"जप करत असेल म्हटलं मी."

"तुम्ही म्हटलं. मी नव्हते म्हटलं." ती एवढंच बोलली आणि पाणी आणायला गेली. शिल्पा भांडत नाही, तिनं भांडायला पाहिजे होतं.

मी दवाखान्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. का बसलो? आत जाऊन अव्वाला उचलून न्यायचं सोडून मी खुर्चीत का बसलो? सवयीनं, आणि भीतीनं. आत गेलो की तिला सांगावं लागणार होतं. समोर केरबा आला, औशाकडचा माणूस, हाताला खरजेचे चट्टे. त्यानं हात टेबलावर पसरले, मी बघितले, औषध काढलं, पुड्या बांधल्या. त्याला पुडी देत मी म्हणालो, "आधी थोडं" आणि थांबलो. पडद्यापलीकडं कागद फाडल्याचा आवाज येत होता. ही बाई त्याही अवस्थेत कागद फाडत बसली होती! केरबा माझ्या तोंडाकडं बघत होता. "आधी थोडं काय, डाक्टर?" त्याच्या खरजेला ते वाक्य चाललं असतं, खरजेनं कुणी मरत नाही. पण ते माझ्या तोंडातून बाहेर येईना, दातांच्या मागं बडीशेपेची काडी अडकावी तसं ते अडकून बसलं. "वाढलं तर लगेच ये," मी म्हटलं, "वाट बघत बसू नको." त्याला काही वेगळं वाटलं नसेल. बाकीच्यांना मी संध्याकाळी या म्हणून उठवलं. एक बाई पुटपुटली, एवढ्या उन्हात आलो आम्ही. मी हात जोडले.

पडद्याआड गेलो. अव्वा कागदांची गड्डी मांडीवर सारखी करत होती.

"अव्वा, ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"हा दवाखानाच हाय की."

"मोठ्या दवाखान्यात. हृदयाच्या डाक्टरकडं."

तिनं मान वर केली, आणि माझी कीव आल्यासारखी हसली. "घाबरलास व्हय रे? दुसऱ्याच्या आईला देताना कसं धडधडीत सांगतोस. सोताच्या आईला देताना हात कापाय लागला तुझा."

"हे तसलं वाढणं नाही, अव्वा. हे औषधानं नाही वाढलेलं. आजारच वाढलाय."

"तुला काय ठावं?"

"मला दिसतंय."

"मला बी दिसतंय. आतलं भाईर येऊन राहिलंय. आज-उद्यात उतरंल. बेडा, मल्लू, बेडा." नको म्हणायचं असलं की ती माहेरच्या कानडीत शिरते. मग तिनं खरं कारण सांगितलं. "आन् मी गेले तिकडं, तर लोक काय म्हणतील? भाईर तुझी पाटी हाय. डाक्टरची आई दुसऱ्याच्या दारात. त्यापरीस मी हितं बसलेली बरी."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. ह्या बाईला मरण चालेल पण माझी पाटी खाली यायला नको होती. मी तिच्यावर ओरडलो, "खड्ड्यात गेली पाटी!" शिल्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली. अव्वावर काहीच परिणाम झाला नाही, तिनं गड्डी पुन्हा सारखी केली. तिला पटवायला माझ्याकडं होतं तरी काय? शब्द तर सगळे तिच्या बाजूचे होते. मी जे काही म्हणेन त्याला तिच्याकडं माझंच उत्तर तयार होतं, माझ्याच आवाजात, इतक्या वर्षांचं ऐकलेलं. मग मी बोलायचं सोडून दिलं. खाली बसलो, तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. पाय गार होता आणि जड. नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबला, जोरात, आणि दाबून धरला. तिनं विचारलं, काय करतोस. मी अंगठा उचलला. तिथं खड्डा पडलेला होता, बोराएवढा खोल, आणि तो भरून येत नव्हता. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडं बघत राहिलो. शिल्पानं तांब्या खाली ठेवला.

अव्वानं वाकून, दम लागत असतानाही वाकून, त्या खड्ड्यावरून आपलं बोट फिरवलं. मग शेजारी स्वतः दाबून बघितलं. दुसरा खड्डा पडला. तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी ह्याआधी बघितलेलं नव्हतं.

"ह्यांचे पाय चेपायचे मी," ती म्हणाली. "शेवटाशेवटाला बोटं अशीच रुतायची."

"हो."

"मी ह्यांना म्हणायचे, घाबरू नगा. आधी वाढतं."

शिल्पानं तोंड फिरवलं. अव्वानं गळ्यातलं लिंग पदराआड नीट केलं, मांडीवरची गड्डी उचलून बाजूला ठेवली आणि हात माझ्याकडं केला. "चल," म्हणाली.

मोठ्या दवाखान्यात तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं. आधी ऑक्सिजन लावला, मग छातीला तारा चिकटवल्या, आणि पडदे ओढलेल्या एका खाटेवर अर्धवट बसवून ठेवलं. डॉक्टरीण तरुण होती, तिशीची असेल, केस मागं करकचून बांधलेले, बोलणं भराभर. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. माझा व्यवसाय मी सांगितला नव्हता, कुणी विचारलाही नव्हता, आणि त्याबद्दल मला आतल्या आत बरं वाटत होतं हेही खरं.

"आजी, पायाला सूज कधीपासून आहे?"

अव्वानं मास्क जरा खाली केला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "परवापासनं," म्हणाली.

"आणि दम?"

"त्यो बी परवाच लागला. एकाएकी."

"एकदम? त्याच्याआधी काहीच नव्हतं? नीट आठवा."

"न्हाई बाई. चांगली हिंडत-फिरत व्हते."

"काही औषध चालू होतं का? गोळ्या, काढे, काहीही?"

"न्हाई," अव्वा म्हणाली. "काई म्हंजे काई न्हाई."

ज्या थेंबांसाठी तिनं पूजेच्या खोलीत दारूचा वास चालवून घेतला, जे तिच्या माहेरच्या झाडाचे होते, ज्यांच्यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास होता, ते तिनं एका शब्दात पुसून टाकले. खोटं बोलायची तिला सवय नाही. उभ्या आयुष्यात शेजारणीला विरजण नाही म्हणून सांगतानाही तिची जीभ अडखळलेली मी बघितलीय. आणि इथं ती मरणाच्या खाटेवर बसून इतकी सहज खोटं बोलत होती की मलाच क्षणभर खरं वाटलं. डॉक्टरीण नर्सकडं वळली आणि एकाएकी दम लागलाय म्हणजे फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल का ते आधी बघू, असं काहीतरी सांगायला लागली, कुठल्या तरी दुसऱ्या तपासणीची नावं घ्यायला लागली. मला कळत होतं की ती भलत्या वाटेनं निघालीय, आणि अव्वानं दाखवलेल्या वाटेनं निघालीय. एक वाक्य बोललो नाही तर माझं नाव तसंच राहणार होतं, अव्वानं ते राखून ठेवलेलं होतं माझ्यासाठी.

"थांबा," मी म्हणालो. "तिचं ऐकू नका. परवापासून नाही हे. वर्षापूर्वी धडधड सुरू झाली. पायाची सूज गणपतीच्या आधीपासूनची आहे, माझी बायको सांगते, दमही तेव्हापासूनचा, रोज वाढत गेलाय. रात्री तिला आडवं होता येत नाही, बसून झोपते. आणि औषध चालू होतं. अर्जुनाच्या सालीचं, होमिओपॅथीचं. दुसरं काहीच नाही."

डॉक्टरीण थांबली. "कोण देत होतं?"

"मी. मी तिचा मुलगा. होमिओपॅथीचा डॉक्टर आहे."

मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिनं बोलावं असंही वाटत होतं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." मग नर्सला दुसरंच इंजेक्शन काढायला सांगितलं, अंगातलं पाणी उतरवायचं, आणि हृदयाचा फोटो घेणारं यंत्र आणायला लावलं. त्यात दिसलं, हृदयाची झडप अरुंद झाली होती. महिनोन्महिने होत आली असणार, म्हणाली. आज-उद्या धोका आहे, पण पाणी उतरलं तर पुढं झडपेचं बघता येईल. मी हो हो म्हणत राहिलो.

उन्हं कलली तेव्हा अव्वाच्या श्वासातला तो बारीक आवाज थांबला होता. खांदे खाली आले होते. शिल्पा घरी चादर आणायला गेलेली, मी खाटेशेजारच्या स्टुलावर. अव्वा जागी होती आणि तोंड भिंतीकडं करून पडली होती. मला वाटलं रागावलीय. खरोखरच रागावली होती.

"मी झाकून ठेवलं व्हतं," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "तू कशाला उघडं केलंस?"

"तू मेली असतीस, अव्वा."

"व्हय. पर त्या पोरीपुढं मान खाली घातलीस तू. माझ्यादेखत." तिचा आवाज मास्कमध्ये घुमत होता. मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला नाही. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. मग तिनं तोंड माझ्याकडं केलं, मास्क बोटानं खाली ओढला, आणि मला दिसलं की राग केव्हाच गेलाय, तिला दुसरंच काहीतरी आठवलंय.

"मल्लू, पडद्यामागनं मला माणसाचं तोंड दिसायचं न्हाई. नुसता आवाज यायचा. वाढलंय डाक्टर, लई वाढलंय, असं सांगणारे. तू म्हणायचास, उतरंल. आन् त्यातले कितीक पुना आलेच न्हाईत."

"अव्वा, बोलू नको, दम लागेल."

"आपण म्हणायचो, बरे झाले असतील. कशाला येतील." ती माझ्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हती. "बरेच झाले असतील ना रे?"

हो म्हणावं असं मला इतकं वाटलं की ओठ हललेसुद्धा. आजारी माणसाला धीर द्यायचा असतो, तेवढं तरी मला येतं. पण आज तिच्यापुढं माझ्याकडून ते झालं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. हे उत्तर तिला आधीच माहीत होतं की काय, कोण जाणे. खाटेच्या कडेला धरून ती जराशी वर सरकली, श्वास जमवला.

"मंग दवाखाना उघडायच्या आधी," ती म्हणाली, "एकेकाला हुडक. हायेत का बघून ये."

आणि मास्क तिनं स्वतःच्या हातानं नाकावर ओढून घेतला.